पडद्यावरचं गाऱ्हाणं

प्रिय गुरू,

लोकांना सिनेमा कसा वाटला ते खरं खरं कळव, असा तुझा निरोप आला तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला आणि तू तो गोड मानून घेतलास. अंगठा खोटा नव्हता, पण त्यात सगळं मावलंही नव्हतं. गावात तुझा पहिलावहिला सिनेमा लागला आणि तू कोल्हापुरात कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग करत बसलास, याचा राग मी आधी काढणार होते. तो आता राहू दे. रिया शाळेत गेली आहे, तुझे भावोजी ओसरीवर बसलेत. फोनवर बोलले तर त्यांना ऐकू जाईल, म्हणून लिहिते आहे.

आधी कौतुक. ‘मडी परतली’ हे नाव ऐकूनच अर्धा गाव आला, आणि उरलेला अर्धा देवळात फुकट काय दाखवतात ते बघायला आला. मसुऱ्याची मावशी तर सुनांना घेऊन टेम्पोने आली. ओमकारने सभामंडपात, जिथे आपला दशावतार उभा राहतो तिथेच, पांढरं कापड ताणलं, कारण विजेचं बटण तेवढं त्याच बाजूला आहे. म्हणजे पडदा रवळनाथाच्या अगदी समोर, आणि मधे आपण सगळे. गाभाऱ्याचं दार उघडंच राहिलं होतं. तेव्हा हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पहिला अर्धा तास लोक नुसते हसत होते, वाईट वाटून घेऊ नकोस. डोक्यावर शेवाळ घेऊन आपला धोंडू पाण्यातून वर आला आणि पाय ओढत चालायला लागला, तर त्याची बायको संचिता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, की घरी काम सांगितलं की हा याहून हळू चालतो. रक्त कोकमाच्या आगळाचं आहे हे बायकांनी पहिल्या थेंबाला ओळखलं. आगळ माझ्या बरणीतला होता हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि शूटिंगच्या वेळी सगळ्या मड्यांना मुंग्या लागल्या होत्या तेही सांगितलं. नर्मदाकाकूला झॉम्बी म्हणजे काय ते पोरं समजावत होती. मेलेला उठून चालायला लागतो, म्हटल्यावर ती म्हणाली, मग त्याला मुंबईचं नाव कशाला, आपल्याकडे काय कमी आहेत? तुझ्या नायिकेला तिने किती वेळा ‘पाठी बघ गो बाये’ म्हणून सांगितलं. बाई काही मागे बघेना, तेव्हा काकू चिडून म्हणाली, मर तर मेल्ये. सगळा मंडप खदखदत होता.

मग रापणीचा प्रसंग आला. गाव किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढतंय, दोर जड लागतोय, मासळी खूप आली म्हणून सगळे खूश आहेत, आणि जाळ्यातून माणसं बाहेर येतात. तिथे हसणं थांबलं. कुणी कुणाला गप्प केलं नाही, आपसूक थांबलं. आपल्या इथे समुद्राने ज्याच्या घरातलं कुणी नेलं नाही असं घर शोधावं लागेल, हे तू विसरला नव्हतास. ती गोष्ट तू आपल्या भावाची, चंदनची लिहिली आहेस हे मला शूटिंगच्या वेळीच कळलं होतं, मी विचारलं नाही एवढंच. एकाच होडीतले दोघे, एक बुडतो, दुसरा परत येतो, आणि बुडालेला जाब विचारायला वर येतो. आपला चंदन काही वर येणारा नव्हता. तो सापडलाही नाही, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पण आईने त्या दुःखात एक गोष्ट मुठीत धरून ठेवली होती, तुला ठाऊक आहे. एकाच लाटेत गेला, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे त्याला कळलंही नसेल. त्याच होडीतून एकटे परत आलेल्या भावोजींनी त्या दिवशी दारात उभं राहून तिला तसं सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर ती इतकी वर्षं जेवतेय, झोपतेय.

आता ते गाऱ्हाणं. मड्यांचा तो म्होरक्या तांडेल, तुझा कोल्हापूरचा मित्र, तोंडावर फाटकं जाळं घेऊन छातीभर पाण्यात उभा राहतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो. गावाचं गाऱ्हाणं घालणाऱ्या गणपतकाकांनी तुला आवाज द्यायला नकार दिला होता हे मला नंतर कळलं. ‘खोट्यासाठी गाऱ्हाणां घालूचा नसता. देवाक सिनेमा कळणा नाय,’ असं ते म्हणाले आणि तू ‘बरं’ म्हणून कोल्हापुरात जाऊन स्वतःचाच आवाज भरलास. आम्हाला कुणाला ते ठाऊक नव्हतं. पडद्यावरून आवाज आला, ‘बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा, ज्येणां माझी हाक आयकान पाठ फिरवल्यान, आणि माझ्या आवशीक खोटां सांगितल्यान, तेच्या तोंडातसून खरां भायर काड रे म्हाराजा.’ गुरू, तुझा गळा चंदनसारखा आहे हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा तो तुझा नव्हताच. त्याच क्षणी सगळा मंडप एका तोंडाने म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’

कुणी ठरवून म्हटलं नाही. जन्मापासूनची सवय. गाऱ्हाण्यातलं एक मागणं संपलं की तोंड आपोआप उघडतं, आणि समोर पडदा आहे की गणपतकाका हे तोंडाला कुठे कळतं? मीही म्हटलं. सगळ्यात आधी, हात जोडून, आईने म्हटलं. फक्त माझ्या उजव्या बाजूला, जिथे भावोजी बसले होते, तिथे कुणी काही बोललं नाही. एवढ्या मोठ्या आवाजात ती एक जागा रिकामी राहिलेली मला ऐकू आली. मग तुझा तांडेल वळून सरळ आमच्याकडे बघतो आणि आईचं विचारतो, ‘माझ्या आवशीक काय सांगितलंस?’ तेव्हा भावोजी उठले आणि माणसांच्या पायांवर पाय देत बाहेर गेले. चप्पलही तिथेच राहिली.

सिनेमा संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. लोक गाभाऱ्याकडे बघत होते. आपण काय करून बसलो ते तेव्हा एकेकाला उमगायला लागलं. देवाच्या समोर, दार उघडं असताना, गाऱ्हाणं घातलं गेलं आणि सगळ्या गावाने हुंकार दिला. घातलं ते मड्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढताना दोर जड लागला, तर धोंडूने पहिल्यांदा हात सोडला. तोच धोंडू, जो स्वतः मडं झाला होता. जाळ्यात नुसतं वाहून आलेलं माडाचं खोड निघालं. संध्याकाळी किनाऱ्यावर मुलं खेळायला येईनाशी झाली. हे ऐकून तुला बरं वाटेल, भुताचा सिनेमा काढणाऱ्याला याहून मोठी दाद कुठली?

एक आईच तेवढी घाबरलेली नाही. ती रोज ओमकारला विचारते, परत कधी लावतोस? सगळ्या गावाला ज्या आवाजाची भीती वाटते तो तिला पुन्हा ऐकायचा आहे. गुरूचा आवाज आहे तो, असं मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, असेल. मग वाती वळता वळता म्हणाली, चंदूला हाक मारायला मिळाली असती तर अशीच मारली असती.

आणि भावोजी त्या दिवसापासून गप्प झाले. रागावलेला माणूस गप्प होतो तसे नाहीत. बोलायला तोंड उघडायचे आणि आतून काहीच यायचं नाही. जेवायला बसायचे, भात चिवडायचे. तिन्हीसांजेला किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे. मी एकदा मागून गेले तर ओठ हलत होते, आवाज नव्हता. दर बुधवारी आईकडे मासे घेऊन जाणारा माणूस, पण बुधवारी पिशवी भरून तयार ठेवली तरी उंबऱ्यावरून परत फिरले. चंदन गेल्यावर यांनी होडी विकली, समुद्राचं नाव टाकलं, आईचं औषधपाणी सख्ख्या मुलासारखं केलं. मला केवढा अभिमान होता. बायका म्हणायच्या, जावई मिळावा तर आपल्या आईला, विमलाकाकूला मिळाला तसा, आणि मी मान ताठ करून चालायचे.

डॉक्टर झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी गणपतकाका घरी आले. म्हणाले, गाऱ्हाणं लागलंय, ते फिरवायला हवं. पण ज्याने घातलं त्यानेच देवासमोर उभं राहून ‘चुकलो, मागे घेतो’ म्हणायचं, दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. म्हणजे तू. तू तो प्रसंग सिनेमातून कापायचा आणि इथे येऊन देवाची माफी मागायची, असं चार मानकऱ्यांचं ठरलं, आणि तुला कळवायचं काम माझ्यावर आलं. मी हो म्हटलं होतं. काल सकाळपर्यंत माझ्या मनातही तेच होतं.

काल सकाळी रिया ओसरीवर मोबाइल घेऊन बसली होती. कुणीतरी देवळात चोरून घेतलेला तो तुकडा आता पोरापोरांत फिरतोय. मी आत खोबऱ्याचं वाटप वाटत होते, भावोजी मागच्या पडवीत बांगडे साफ करत होते. ओसरीवरून तुझा आवाज आला, बा देवा रवळनाथा. मी रियाला ओरडणार, एवढ्यात पडवीतून उत्तर आलं, ‘व्हय म्हाराजा.’ इतक्या दिवसांनी ऐकलेला त्यांचा पहिला शब्द. मी धावत गेले तर हातात सुरी तशीच, डोळे माझ्याकडे, आणि बोलणं सुरू झालेलं. ‘मी हाक आयकलंय, किशोरी. होडी फिरवूक नाय.’

मग सगळं सांगितलं. लाटेने चंदन बाहेर फेकला गेला, पण बुडाला नाही. पोहत होता, डोकं दिसत होतं. मधे पाण्यातल्या खडकांचा खडप होता आणि होडी फिरवली असती तर तिचे तुकडे झाले असते, कदाचित दोघेही गेले असते. कदाचित. रिया माझ्या पोटात होती, तेव्हा त्यांना तेवढंच दिसलं. यांनी तोंड किनाऱ्याकडे केलं, ते चंदनने पाहिलं. त्याने शिवी दिली नाही, वाचव म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, ‘जितू, माझ्या आवशीक काय सांगशीत?’

गुरू, हे ऐकायला तिथे दोघेच होते. एक समुद्रात आहे आणि दुसऱ्याने कालपर्यंत देवापाशीसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. मग ते शब्द तुझ्या तांडेलाच्या तोंडी कुठून आले? सहज सुचले असं तू म्हणशील. तसंच म्हण, मी दुसरं काही विचारणार नाही.

तेव्हा हे पत्र गाऱ्हाणं फिरवायला ये म्हणून नाही. गावाला काय सांगायचं ते मी बघून घेईन. प्रसंग कापू नकोस, आणि देवाकडे मागे घ्यायलाही काही राहिलेलं नाही, ते पुरं झालंय. भावोजींना हे सगळं रवळनाथासमोर आईला सांगायचं आहे. ते कालच निघाले होते, मी दारात आडवी झाले आणि तू येईपर्यंत थांबा म्हटलं. आईची ती मूठ आता उघडणार आहे, गुरू. मुठीत एवढी वर्षं काहीच नव्हतं हे तिला कळेल तेव्हा तिच्या जवळ तिचं हक्काचं कुणीतरी बसलेलं हवं. मी तिथे असणार आहे. पण यांनी तोंड उघडल्यावर माझा हात आईकडे जाईल की यांच्याकडे, हे मला काल रात्रभर जागूनही ठरवता आलं नाही. म्हणून मिळेल ती गाडी पकड, फोंडाघाट उतरून ये, आणि तू आईजवळ बस.

वाट बघणारी, तुझीच,
किशोरीताई