डमीचा कागद

५ जानेवारी २०२५, रविवार

शेवटचं गाणं आलं! म्हणजे चाल आली, शब्द अजून यायचेत. केसरीनाथकाकांच्या नाटकावरून सिनेमा होतोय, आणि संगीतकार हरेशने मोबाइलवर नुसती गुणगुणलेली चाल पाठवलीय. प्रसंग — नवरा वारल्यावर बाई घरात पहिल्यांदाच एकटी.

काकांचा हात दोन वर्षं थरथरतोय. म्हणून रविवारी काल्हेरच्या गोडाऊनमधल्या माझ्या कामाला सुट्टी असली की मी वळ गावी काकांच्या घरी जाते आणि ते सांगतील ते उतरवून घेते. चहा, पोहे, वर चार शिव्या — तरी हा रविवार मी कुणाला देणार नाही. बावीस नाटकांची गाणी, सात सिनेमांची, आणि हे सगळं कापडाच्या लूमवर बारा-बारा तास ड्युटी करून! दिघाशी गावातल्या प्रयोगाला एक शब्द मनाजोगा होईना, तर तिसरी घंटा झाल्यावर त्यांनी अर्धा तास पडदा अडवून धरला होता. लोक शिट्ट्या मारतायत, आणि हे विंगेत डोळे मिटून बसलेले!

आज फक्त डमी झाली. चालीत मात्रा बसाव्यात म्हणून आधी कसलेही शब्द घालायचे, ती डमी. खरे शब्द सापडले की ती फेकायची. काका कानावर पडेल ते घालतात. आज आतून कमळकाकू ओरडत होत्या, तेच घातलं —

गोळी घेतली का, पाणी तांब्यात हाय
चप्पल उन्हात न्हाय, दाराआड हाय
उशीर झाला तरी भाकर झाकून हाय

हसून हसून माझं पोट दुखलं.

७ जानेवारी, मंगळवार

डबल शिफ्ट. दिवसभर डोक्यात तीच चाल. शब्दही तेच!

१२ जानेवारी, रविवार

खरे शब्द झाले. चार तास लागले! ‘तुझ्याविना हा उंबरठा, मुका उभा दारी.’ त्या ‘मुका’साठी काकांनी सतरा शब्द लावून पाहिले आणि शेवटी परत ‘मुका’च ठेवला. केवढा धीर या माणसाला! मी असते तर दुसऱ्या मिनिटाला वही मिटली असती.

“जमलं का ग?” त्यांनी विचारलं. हो म्हटलं. त्यांना नाही कसं म्हणणार?

“आजच फोटो पाठव. बुधवारी रेकॉर्डिंग हाय.”

घरी येऊन पाठवला.

१५ जानेवारी, बुधवार

मेले मी!! दुपारी गोडाऊनमध्येच हरेशचा फोन. “दिपाली, गाणं झालं! गायिका रडली यार, दोनदा थांबावं लागलं. ‘गोळी घेतली का’ — काय सुचलंय काकांना!”

डमीचा फोटो गेला होता. दोन्ही फोटो एकाखाली एक, बोट चुकीच्यावर पडलं. गायिका संध्याकाळच्या विमानाने परदेशी, दोन महिने येणार नाही. सिनेमा पुढच्या महिन्यात लागतोय. ज्या माणसाने एका शब्दासाठी पडदा अडवला, त्याच्या नावावर चपला आणि गोळ्या! हरेशला काही बोलले नाही. आधी काकांना सांगायला हवं. त्यानंतर माझे रविवार संपले.

१६ जानेवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून वळ गावी गेले. सांगितलं. हरेशने पाठवलेलं गाणं काकांनी माझ्या मोबाइलवर ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. काकू पदराला हात पुसत दारात आल्या — “हे तर मी रोज बोलते! आन ही गानारी बया रडते कशाला?”

काका हसले नाहीत. म्हणाले, “चाळीस वर्सं हिचं बोलनं मी डमी म्हनून फेकत आलो.” मग माझ्याकडे वळून, “चूक झाली कशी?”

“थकले होते, काका. आठवडाभर डबल शिफ्ट होती.” हमसून हमसून रडले. “रडू नको. जेवून जा,” एवढंच म्हणाले. मांदेलीचं कालवण होतं.

१९ जानेवारी, रविवार

हरेश पेढे घेऊन आला. निर्माता खूश, सगळे खूश. तेवढ्यात त्याने टेबलावरचा ‘उंबरठा’चा कागद उचलून वाचला, आणि त्याच्या ध्यानात आलं. माझ्याकडे बघून म्हणाला, “म्हणजे हिने चुकून डमी पाठवली? यावेळी नशीब चांगलं. उद्या काहीबाही पाठवेल! काका, यापुढे लिहून घ्यायला माझा माणूस येईल.”

मी खाली बघत उभी. काका ताडकन म्हणाले, “तिची चूक न्हाय. मीच सांगितलं तिला, हाच कागद पाठव म्हनून.”

हरेशने कान पकडले. मला पेढा दिला.

गाण्यात एक खोटा शब्द चालू न देणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला! असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

२० जानेवारी, सोमवार

काकांना सांगायला निघालेय, पण आधी इथे लिहिते. बोट चुकलं नव्हतं, इथेही मी खोटंच लिहिलं होतं. दोन्ही कागद मी तीन-तीनदा वाचले, आणि डमीचा पाठवला.