खालची पट्टी

प्रिय मुनीर,

शुक्रवारी फोनवर तू विचारलंस, कमिटीचं काय ठरलं, आणि चुलीवरचं करपतंय असं सांगून मी फोन ठेवला. चुलीवर काहीच नव्हतं. बाबा शेजारी बसले होते. शेजारच्या हिंदमावशीचा जावई परवा सांतियागोला निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देतेय. दुकानात गिऱ्हाईक नसताना वाच.

तुला अर्धवट ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. फेब्रुवारीत लष्कराच्या कुंपणापलीकडच्या आपल्या रानात दगडाखाली दाबून ठेवलेली नोटीस सापडली. बाबांनाच सापडली, कारण फाटकातून पलीकडे जायचा परवाना आता एकट्या त्यांच्याकडे आहे. माझा तीन वर्षांपूर्वी संपला, पुढे दोनदा नाकारला. खालच्या पट्टीची चार दुनम, जेमतेम एकरभर, सरकारी जमीन म्हणून जाहीर होणार, हरकत असेल तर पंचेचाळीस दिवसांत घ्या, असं त्यात होतं. जमीन सलग तीन वर्षं पडीक राहिली की सरकारला घेता येते, हा तुर्कांच्या वेळचा कायदा अजून चालतो. समोरच्या टेकडीवरची ज्यूंची वसाहत तू गेलास तेव्हा दहा-बारा घरांची होती. आता ती आपल्या विहिरीपर्यंत उतरली आहे.

हैफाच्या एक ज्यू वकीलबाई, तिर्झा त्यांचं नाव, आपल्याकडून लढल्या. सत्तरीच्या आहेत. अरबी बोलतात, पण पुरुषी-बायकी रूपांचा घोळ करतात, बाबांशीसुद्धा बाईशी बोलावं तसं बोलतात. "तू शेवटचं कधी नांगरलंस, नीट आठवून सांग हं बाई," असं त्यांनी विचारलं आणि महिन्याभरात बाबा पहिल्यांदा हसले. वकीलबाईंनी चाळीस वर्षांची आकाशातून काढलेली छायाचित्रं मिळवली. वरच्या पट्टीत आपली ऑलिव्हची झाडं एकेक मोजता येतात. खालची पट्टी मात्र बारा वर्षांपासून नुसती करडी दिसते. बाईंनी बाबांना दोनदा बजावलं, सांगायचं की नांगरटीच्या दिवसांत फाटक उघडत नाही. ते काही खोटं नव्हतं. दोन हिवाळे ते उघडलंच नव्हतं.

सुनावणीला कमिटीचे तिघं जण समोर होते. बाजूला वसाहतीचा एक माणूस बसला होता, एलियाव. रोज कुत्रं घेऊन आपल्या बांधावरून जातो. तो शांतपणे म्हणाला की माझी चार मुलं याच टेकडीवर जन्मली, इथे कधी कुणाला नांगर धरलेला मी पाहिला नाही. तेही खोटं नव्हतं. मग मधल्या अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, फाटक तेच, गाढव तेच, मग वरची नांगरलीत आणि खालची का नाही? वकीलबाई बाबांकडे बघत राहिल्या.

बाबा म्हणाले, "खालची माझ्या मुलाची आहे. तो येऊन नांगरणार आहे. तसा निरोप आहे त्याचा."

"कधीचा निरोप?"

"बारा वर्षं झाली. हिच्याजवळ दिलाय, विचारा हिला."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "हो." दुभाष्याने ते हिब्रूत सांगितलं. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

निकाल मागच्या आठवड्यात आला. वरची सात दुनम राहिली, खालची चार गेली. तार ठोकून झाली आहे. बाबा अजून फाटकाच्या वेळेला जातात, वरच्या पट्टीत बसतात आणि फाटक बंद व्हायच्या आधी परत येतात. जेवतात नेहमीसारखे.

आई गेली त्या आठवड्यात तू फोनवर काय म्हणाला होतास, ते तू विसरला असशील. "ताई, मी आता परत येत नाही. माझी पट्टी तू घे, बाबांना सांग." फोन ठेवून मी आत गेले तर बाबा आईच्या गादीची घडी घालत होते. घडी नीट बसत नव्हती, म्हणून पुन्हा उलगडत होते. मी सांगितलं, मुनीर म्हणतो माझी पट्टी राखून ठेवा, मी येतोय. त्या दिवसापुरतं सांगितलं, पुढे ते मोडायचा धीर झाला नाही. तेव्हा माझा परवाना होता. दर वर्षी मी म्हणायचे, तो येईपर्यंत मी नांगरते. ते म्हणायचे, नांगराचं पहिलं तास त्याच्या हातचं पडू दे.

परवा सगळं सांगून टाकायचं ठरवून मी त्यांच्यासमोर बसले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, मुनीरला कळवलंस का? त्याने भरवशावर ठेवलेली जमीन माझ्याकडून गेली, त्याची माफी मागायला हवी. शुक्रवारच्या घाईत नको म्हणतात. ईदला तुझा फोन येईल तेव्हा बोलणार आहेत. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलंय, मला एकदा म्हणून दाखवलं. मुनीर, ते तू फोनवर ऐकून घेऊ नकोस. ईदच्या आधी आठ दिवसांसाठी ये. खोटं माझं आहे, ते मीच सांगेन. मी सांगत असताना तू त्यांच्याजवळ बस, एवढंच.

तुझीच ताई,
सुहैला