नानांचा पट्टा आणि आखाजीचा झोका

भडगाव,
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर

तीर्थरूप नानांस,

समाधानचा साष्टांग नमस्कार (हात सिमेंटचे आहेत, कागदावरचे डाग त्याचेच). दीपनगरात सगळे खुशाल ना? काकूंचे गुडघे काय म्हणतात? इकडे घर सोडून आम्ही सगळे ठीक आहोत. फोनवर हे सांगायला घेतले असते तर अर्धे ऐकून तुम्ही पिशवी उचलून निघाला असता, म्हणून शेजारच्या प्रेमराजच्या हाती पत्र देतो आहे. तो उद्या कामासाठी तिकडेच येतोय.

घर दुरुस्तीला काढलेय हे तुम्हाला माहीत आहेच. नाना, राग मानू नका, पण जी भिंत फोडावी तिच्यातून तुम्हीच निघता! सुट्टीला आलात की पिशवीतून पक्कड काढून जी 'तात्पुरती' कामे तुम्ही उरकायचात, ती सगळी जिथल्या तिथे सापडली. न्हाणीची भिंत कायम ओली का, तर आतल्या गळक्या पाइपावर तुम्ही ठिबकची नळी चढवली, तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि वरून गिलावा केला (गिलावा मात्र इतका सुरेख, की फोडताना आमचा गवंडी अभिमनसुद्धा हळहळला). स्वयंपाकघरातला दिवा लावला की पंखाही फिरतो, त्यामागेही तुमचाच हात निघाला. आईला वाटायचे, विजेची रीतच तशी असते. बिचारी थंडीत अंधारातच भाकरी थापायची.

पण मला खरा घाम फुटला तो मधल्या घरात. आखाजीला जिला आपण झोका बांधतो, ती तुळई. अभिमनने रंग खरवडला तर खाली लाकडाऐवजी काळे रबर! तडकलेल्या तुळईला तुम्ही तुमच्या वीजकेंद्राच्या भंगारातला, कोळसा वाहायचा जाड पट्टा आवळला, खिळे ठोकले आणि वरून तपकिरी रंग मारून मोकळे झालात. त्या पट्ट्याच्या भरवशावर आमच्या आत्या, बहिणी आणि गल्लीतल्या झाडून बठ्ठ्या लेकी आढ्याला पाय लागेपर्यंत झोके घेत आल्या. त्यात सासूच्या आजारपणामुळे अडकलेली आपली सपना यंदा कितीतरी वर्षांनी माहेरी येतेय. तिने फोनवर एवढेच मागितले, "दादा, झोका बांधून ठेव." म्हणून मी तुळईच काढून टाकली. लोखंडी गर्डर चढवला, त्याला झोक्यासाठी जळगावहून आणलेली कडी वेल्डिंग करून घेतली. काम कसे, एकदम पक्के.

तेव्हा आखाजीला जरूर या. सांजोऱ्या खा, आमरस ओरपा. पिशवी तेवढी घरी ठेवून या, ही हात जोडून विनंती.

आपला,
समाधान

ता. क. पाकीट बंद करायच्या आतच आईने नव्या झोक्यावर बसून पाहिले. पहिल्याच हेलकाव्याला वेल्डिंग सुटले. आई गोधड्यांच्या ढिगावर पडली. तिला काही लागले नाही, मला मात्र तिचे बोलणे लागले. "नानास्नी बांधेल झोका कधी तुटना व्हता का? त्यास्ले बलाव!"

आणखी एक ता. क. पिशवी आणा. प्रेमराजच्याच गाडीवर मागे बसून या. तुळई अजून अंगणातच पडली आहे, आणि भंगारवाल्याला दिलेला पट्टा मी परत आणून धुऊन वाळत घातला आहे. तपकिरी रंगाचा डबाही आणून ठेवला आहे. सपनाला काही सांगू नका.