जोडीतली जुनी डिस्क

१३ नोव्हेंबर २०२५
मंदिरातल्या कॉम्प्युटरवर आज सिस्टीमचं नवं व्हर्जन टाकलं. जुनं आता कुठंच चालत नाही, किती टाळणार! चालू केलं — भजनी मंडळाची सगळी रेकॉर्डिंगं गायब. दोन डिस्कची जोडी लावलेली, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच. नवं व्हर्जन ती जोडी मानायलाच तयार नाही. दोन्ही सुट्या दाखवतं, एकीला १२६ नंबर देतं, दुसरीला १२७.
मच्छिंद्रबुवांच्या तीन भजनांचा घोर लागलाय. एकटे कधी मशीनसमोर गायले नाहीत. यंदा गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आपणहून आले. "घे भरून, नंतर न्हाई मिळायचं." आता आवाज गेला तो गेलाच.

१५ नोव्हेंबर, एकादशी
उपवास. मारुतीपुढं बसलो, मग काम. दोन्हींतली खरी कोणती? मोठा आकडा तो नवा असं धरलं. १२७ खरी मानून दुसरी तिला जोडली. सिंक चालू झालं, एकीवरचं दुसरीवर उतरायला लागलं. बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर
उलटं झालं.
१२७ हीच जुनी! मागच्या वर्षी चैत्रात ती जोडीतून गळाली होती. जुनं व्हर्जन उरलेल्या एकीवरच गुपचूप काम रेटत राहिलं, मी कधी तपासलं नाही. आता जुनीवरचं सगळं चांगलीवर उमटलं. चैत्रानंतरचं काहीच उरलं नाही. बुवांची भजनं नाहीत.
जालन्याला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या भालचंद्र सरांना फोन केला. म्हणाले, "दोन डिस्क हायेत म्हणून निवांत झोपले काय? असली जोडी, मिररिंग, म्हंजे बॅकअप न्हाई." आता काही निघणार नाही, असंही म्हणाले.

१७ नोव्हेंबर
जपाला बसलो. जमलं नाही.

१८ नोव्हेंबर
बुवांच्या घरी जाऊन सांगितलं. बुवा भिंतीकडं तोंड करून पडले. त्यांच्या बायकोनं, सोनूवहिनींनी, चहा ठेवला, तो तसाच गार झाला. निघताना विचारलं, "मंग त्याच्यात राह्यलंय तरी काय, भाऊजी?"
बुवांचा भाऊ अंगद इतकी वर्षं मंडळात गायला, त्याचंही त्यात काही नाही. भावाभावांत अबोला झाला आणि मागच्या ज्येष्ठात बुवांनी समोर उभं राहून त्याची सगळी भजनं माझ्याकडून पुसून घेतली. "त्याचा आवाज इथं नको." दिवाळीत अंगद वारला. बुवा मातीला गेले नाहीत.

१९ नोव्हेंबर
कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली मंडळाला परत द्यावी म्हणतो. हे माझं काम नव्हतंच.

२० नोव्हेंबर
किल्ली देण्याआधी एकदा रेकॉर्डिंगांची यादी उघडली. अंगद आहे! ज्येष्ठात पुसलं तेव्हा ही जुनी डिस्क जोडीत नव्हतीच.
बुवांकडं नेऊन अंगदचं एक भजन लावलं. उठून जातील वाटलं. अंगदची ओळ संपली, मागून ध्रुपद धरणारा आवाज आला — भरदार, मोकळा. सोनूवहिनी दारातच थांबल्या.
"हे तर ह्येच हायेत."
बुवांनी हातानं खूण केली — परत लाव.