फिलोमेनाची ओळ कच्ची कापायची नाही

मी, इलारियो काम्बेरोस, वय एक्क्याऐंशी, धंदा टकीला गाळणे, राहणार आमातितान, खालिस्को, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डॉक्टरांनी मला तपासलं आहे. त्यांनी बजावल्यापासून मी थेंबही घेतलेला नाही, म्हणजे आज सकाळपासून.

१. राहतं घर आणि भट्टी माझी मुलगी ओतिलिया हिला.

२. चिरंजीव फिदेन्सियो यांस ओकची सगळी पिंपं, रिकामी. टकीला पिंपात दोन-चार महिने ठेवली की निवते, वर्षभर ठेवली की पोक्त होते, हे सांगून माझा घसा सुकला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, वर्ष कशाला? दोन थेंब कॅरमेल टाकलं की झाली म्हातारी!" तेव्हा कॅरमेलची बाटलीही त्यालाच. मी उगाच म्हातारपणासाठी इतकी वर्षं घालवली.

३. सगळं शेत ओतिलियाला. फिदेन्सियोने गळा काढू नये. टकीला निघते ती निळ्या घायपातीच्या गड्ड्यातून; तिला फुलाचा दांडा फुटला की लगेच छाटायचा, नाहीतर गड्ड्यातली सगळी साखर तो दांडाच खातो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. या शहाण्याने स्वतःच्या लेकीच्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून अख्खं वरचं शेत फुलू दिलं. फोटो चांगले आले. गड्डे भुसा निघाले.

४. विहिरीजवळच्या ओळीबद्दल नीट वाचावं. माझी बायको फिलोमेना वरच्या पठारावरची, आरांदासची. तिकडची माती लाल आणि टकीला गोड. लग्न होऊन आली तेव्हा तिने ट्रंकेतून घायपातीचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिल्लं, आणले. तिचा भाऊ नाबोर म्हणाला, "दाजी, आमचं रोप आहे. तुमच्या चिखलातसुद्धा फुलासारखं गोडच लागेल." पीक आलं, गाळलं. मिऱ्यासारखी तिखट, ओल्या मातीच्या वासाची, अस्सल आमच्या खोऱ्यातली टकीला! फिलोमेना एक घोट घेऊन म्हणाली, "माझ्यासारखंच झालं की हो. आले गोड, तुमच्या घरात तिखट झाले." नाबोर मात्र तेव्हापासून म्हणतोय की मीच भट्टीत घोळ घातला. मेहुण्याला कोण समजावणार?

आज विहिरीजवळ उभी आहेत ती त्याच मुनव्यांची नातवंडं. फिलोमेनाने जायच्या आधी स्वतःच्या हाताने लावली. पिकायला अजून दोन वर्षं हवीत. यंदा घायपातीचा तुटवडा आहे, कारखान्यांचे ट्रक दारात उभे आहेत, आणि फिदेन्सियो रोज म्हणतो, "बाबा, सोन्याचा भाव आहे, कापून टाकू." कच्च्या गड्ड्यात साखर नसते रे बाबा. मला दोन वर्षं मिळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. पण त्या ओळीला मिळालीच पाहिजेत. तिच्या हातचं एवढंच उरलंय. मला तिची फार आठवण येते. हे वाक्य कायद्यात बसत नसेल, तरी वकिलांनी खोडू नये.

५. ओळ पिकली की ओतिलियाने ती गाळावी आणि पिंपात न घालता पांढरीच ठेवावी. पहिला पेला फिलोमेनाच्या थडग्यावर ओतावा. दुसरा नाबोरला द्यावा. पिऊन तो जे काही बरळेल ते सगळ्यांनी गुमान ऐकावं, उलट बोलू नये. शेवटचा शब्द त्याचा. उलट बोलायला मी नसेन, म्हणजे जिंकूनही त्याला मजा येणार नाही.

आमातितान, १४ मार्च २०००
सही: इलारियो काम्बेरोस

साक्षीदार:
डॉ. एव्हारिस्तो रुबाल्काबा, आमातितान.
नाबोर ओरोस्को, आरांदास. (सहीखाली त्याच्याच अक्षरात: "वाचलं. घोळ भट्टीतच होता. दाजी, दोन वर्षं थांबा की, मी एकटा पिणार नाही.")