इराणी सिनेमावर माझं मत

ललित,

काल जळगावच्या फिल्म क्लबात सिनेमा संपला आणि मत द्यायला माईक तुझ्याकडे आला. "घरच्यांना घाबरून त्या मालकाच्या पोरानं मजुराच्या पोरीला सोडायला नको होतं," म्हणताना तू चष्मा काढून डोळे टिपलेस. टाळ्या पडल्या. दिपमालानं, तुझ्या बायकोनं, तुझा चष्मा पदरानं पुसून दिला. त्या पदराचा मला हेवा वाटला.

तुझ्या लग्नाआधी धरणगावच्या मळ्यातल्या भरीत पार्टीत तुझी आई माझ्याकडे बघून म्हणाली होती, "बौद्धांची पोर माझ्या घरात यायची नाही." तू खाली मान घालून वांगी भाजत होतास. भाजतच राहिलास. इराणच्या पोरीसाठी मात्र रडलास. तिचाही हेवा वाटला.

काल टाळ्या थांबल्यावर मी तुला दिसले. बायकोकडे बघत तू माईक पुढे केलास, "प्रज्ञाताई, तुम्ही बोला ना!"

मी म्हणाले, "खालची अक्षरं फार भराभर गेली."

खरं मत इथं लिहिते. हे पत्र टाकणार नाही. चष्मा पुसणारी टपालही उघडत असेल. तो इराणी पोरगा भित्रा होता, कबूल. पण शेवटपर्यंत त्यानं तिला ताई म्हटलं नाही.

नुसती,
प्रज्ञा