चिमी कुठून आली होती

झरी, ता. तलासरी
२ डिसेंबर २०२४

ती. अण्णाकाका यांस,
लतिकाचा शि. सा. नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज गौरव वाचून दाखवतो. हे त्याला आधी कळायला नको, म्हणून आमच्या शाळेतल्या संगीताबाईंच्या हाती पत्र देते आहे. त्या रोज डहाणूहून एसटीने येतात. उत्तर त्यांच्याकडेच द्या.

शुक्रवारी पाड्यावरच्या बायजीला गवत कापताना बिबट्याचं पिल्लू सापडलं, मांजराएवढं. पदराखाली घालून तिने ते घरी आणलं. नेमका तुमचा गौरव टेम्पो घेऊन गवत न्यायला आला होता. माझ्या वडिलांनी प्राण्यांच्या बागेत हेच काम केलं, पिल्लू माझ्याकडे जगेल, असं सांगून तो ते चिखल्याला पर्यटकांसाठी काढलेल्या आपल्या वाडीवर घेऊन गेला. मी फोन केला तर म्हणाला, ससे आणि इमू बघायला आता कोण येतं? नाताळपर्यंत पिंजरा तयार होईल, तुझ्या शाळेची पहिली सहल माझ्याकडेच आण.

इकडे मादी पाड्याभोवती फिरते आहे. शनिवारी बायजीची सून ठकी विहिरीवर असताना दहा पावलांवर येऊन उभी राहिली. काल अंगणातली शेळी गेली. आज वर्गात चौतीसपैकी अकरा मुलं होती. माणसं कोयते घेऊन शेतावर जातात आणि म्हणतात, मादी दिसली की सोडायची नाही.

गौरव म्हणतो, माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, आता परत नेऊन उपयोग नाही. हे खरं आहे का? तो तुमचा मुलगा आहे आणि मी पुतणी. वनखात्याला कळवण्याआधी तुम्हाला विचारते आहे, पण फार थांबता येणार नाही. गोळ्या वेळेवर घ्या. घेतल्या असं नुसतं लिहू नका.

तुमची,
लतिका


डहाणू
३ डिसेंबर

चि. लतिकास अण्णाकाकाचे आशीर्वाद.
खरं नाही. वनखात्याला आजच कळव, माझ्या उत्तराची वाट पाहायला नको होतीस. हे खोटं गौरवने माझ्याच तोंडून ऐकलं आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमची बाग म्हणजे जत्राच होती. संस्थानिकांनी शौकाला जनावरं पाळली, त्यांचं बघून शहरांनी बागा काढल्या, आणि लोकांना करमणूकच हवी होती. अस्वल सायकल चालवायचं, चार वाजता चिंपांझी टेबलावर बसून चहा प्यायचे. मीच त्यांना कप धरायला शिकवलं. पुढे ते खेळ बंद झाले, पिंजऱ्यांवर माहितीच्या पाट्या लागल्या, शाळांच्या सहली येऊ लागल्या. आम्हाला वाटलं, आता आपण शिकवतो.

शहाऐंशी साली असंच एक पिल्लू आलं, आपली चिमी. आणणारा वनरक्षक म्हणाला होता की आई तिथेच घुटमळते आहे, दोन दिवसांत परत ठेवू. बागेच्या साहेबांना सुट्टीच्या गर्दीसाठी पिल्लू हवं होतं. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, अशक्त आहे, शिवाय हात लागलाय, आई घेणार नाही. पिल्लू ठणठणीत होतं, लतिका. मला त्याचा लळा लागला होता. एकोणीस वर्षं ती त्या पिंजऱ्यात एकाच वाटेने फेऱ्या मारत राहिली. तू सात वर्षांची असताना तिच्यासमोर तासभर उभी राहिलीस आणि घरी येऊन वहीभर लिहिलंस. तू शिकलीस हेही खरंच आहे. त्यामुळे मला गप्प राहणं सोपं गेलं.

इथवर सकाळी लिहिलं. आता संध्याकाळ झाली. रिक्षाने चिखल्याला जाऊन आलो. पिल्लू गोडाऊनमध्ये खोक्यात होतं, गाईच्या दुधाने पोट बिघडलेलं. गौरव माझ्या कानाशी येऊन ओरडला की तुमच्या पिंजऱ्यात आणि माझ्या पिंजऱ्यात फरक काय. मी म्हणालो, काही नाही, म्हणूनच आलो. मग चिमीचं सगळं सांगितलं. लहानपणी त्याने वर्गातल्या सगळ्या मुलांना आणून ती दाखवली होती. नंतर स्वतःच खोका उचलून टेम्पोत ठेवला. वनखात्याच्या कचेरीत जबाबही त्यानेच दिला. केस होईल म्हणतात. होऊ दे.

उद्या ते पिल्लू घेऊन झरीला येतील. लोकांना आवर. गर्दी झाली तर मादी येणार नाही.
गोळ्या घेतल्या, खरंच.

तुझा,
अण्णाकाका


झरी
६ डिसेंबर

ती. अण्णाकाकांस,
लतिकाचा नमस्कार. परवा दुपारी पिल्लू सापडलं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवलं. बायजीने कोयतेवाल्यांना आपल्या ओसरीवर बसवलं आणि सांगितलं की चूक माझ्या हातून झाली आहे, पहिला वार माझ्यावर करा. कोणी उठलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मादी आली नाही. बायजी जेवली नाही. काल दिवस मावळायच्या आत पुन्हा ठेवलं. झाडावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र वनरक्षक रवींद्र शाळेच्या ओट्यावर मोबाईलवर दाखवत होते. ती आली. क्रेट हुंगला. वळली आणि निघून गेली.

बायजी हळूच म्हणाली, माझ्या पदराचा वास लागलाय त्याला. मी तुमचं पत्र मुठीत धरून बसले होते. चार मिनिटं गेली. मग गवत हललं. तिने पंजाने क्रेट आडवा केला, पिल्लाला मानेशी धरलं आणि गेली.

आज वर्गात एकोणतीस मुलं आहेत. गौरवला माझ्यावर राग असेल तर असू दे, पण त्याला घरी एकटा पाडू नका.

तुमची,
लतिका


डहाणू
७ डिसेंबर

चि. लतिकास आशीर्वाद.
तुझं पत्र मी गौरवला मोठ्याने वाचून दाखवत होतो. मादी वळून निघून गेली, तिथे मी अडलो. त्याने कागद माझ्या हातातून घेतला, माझ्या कानाशी सरकून बसला आणि उरलेलं त्याने वाचलं.

आम्हा दोघांवरची माया आहे तशीच असू दे.

तुझा,
अण्णाकाका